गवती चहा चालतो, ग्रीन टी चालत नाही

सोलापुरात कुणाच्याही घरी गेलं की पाण्यामागोमाग चहा येतो. नको म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'का हो, उपास आहे का?' आम्ही 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे सभासद, लोक ज्यांना 'मॉर्मन' म्हणतात ते. आमच्या धर्माविषयीचे निम्मे गैरसमज या कपापासून सुरू होतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी २७ फेब्रुवारी १८३३ रोजी जो आरोग्यनियम दिला, त्यात दारू, तंबाखू आणि 'गरम पेयं' वर्ज्य सांगितली आहेत. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ चर्चमध्ये लावला जातो. त्यामुळे गरम दूध, सार, सूप बिनघोर घ्यावं. बर्फ घातलेली कोल्ड कॉफी मात्र चालत नाही. चहाच्या झुडपाचं पान म्हटलं की काळा काय नि हिरवा काय, दोन्ही बाद. गवती चहाच्या नावात चहा असला तरी ते गवतच. आलं, तुळस, गवती चहा उकळून केलेला काढा खुशाल प्यावा. फक्त करणाऱ्याचा हात सवयीने पत्तीच्या डब्याकडे जातो, तेवढं आधी सांगून ठेवायचं. चिकोरीचंही तसंच. नुसती चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, पण फिल्टर कॉफीच्या पाकिटात तिच्याबरोबर कॉफी असतेच. मावा, गुटखा अर्थातच नाही.

उत्तर देताना आपलीच मंडळी चुकतात ती इथे. 'कॅफिन असतं म्हणून' असं सांगून मोकळे होतात. नियमात कॅफिनचा शब्दही नाही, आणि कोलाला बंदी नाही हे चर्चने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. समोरचा कोलाची बाटली पुढे करतो आणि आपण गप्प. 'चहाचं पान आणि कॉफीची बी आम्ही घेत नाही' एवढं पुरतं.

उपास आहेच, पण साबुदाण्याचा नव्हे. महिन्याचा पहिला रविवार, सलग दोन जेवणं सोडायची, साधारण चोवीस तास, पाणीसुद्धा नाही. म्हणजे शनिवारचं रात्रीचं जेवण झालं की थेट रविवारी रात्री भाकरी. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात निर्जळी सगळ्यांना झेपत नाही. मधुमेही, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं यांनी तब्येत पाहून ठरवायचं. औषधाची गोळी चुकवून उपास करा असं चर्च सांगत नाही. आणि उपासाचा अर्धा भाग पोटाबाहेर आहे. वाचलेल्या अन्नाची किंमत गरिबांसाठी द्यायची. चार माणसांचं घर, प्रत्येकी दोन जेवणं, म्हणजे आठ ताटं. ताटाला ऐंशी रुपये धरले तर ६४०. ऐपत असेल त्याने जास्त द्यावेत.

आता सगळ्यात चिवट आरोप, 'पैसे मिळतात म्हणून बाटले.' इथे पैशाची दिशाच उलटी आहे. सभासद उत्पन्नाचा दशांश देतो, दहा टक्के, वर सांगितलेलं उपासाचं अर्पण वेगळं. दशांश हातात पडणाऱ्या पगारावर काढायचा की कापाकापीच्या आधीच्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पगाराची स्लिप कुणी मागत नाही. स्थानिक बिशप किंवा शाखेचा अध्यक्ष बिनपगारी असतो, नोकरीधंदा सांभाळून काम करतो. धर्मप्रचारासाठी दारात येणारी पांढऱ्या शर्टातली पोरंही पगारी नाहीत. मुलगे चोवीस महिने सेवा करतात, खर्च त्यांचा, घरच्यांचा किंवा चर्चमधल्या मंडळींनी उचललेला. सोलापूरला 'मिशन' म्हटलं की जुनं अमेरिकन मराठी मिशन आठवतं. आमच्याशी त्याचा संबंध नाही. ते प्रोटेस्टंट काँग्रिगेशनल परंपरेचं.

घाईघाईने डोक्यावर पाणी शिंपडून नाव बदललं, असंही इथे होत नाही. अठरा वर्षांखालच्याला आईवडिलांची परवानगी लागते, लग्न झालेल्याला जोडीदाराची. आठ वर्षांच्या आत बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात होणारा प्रवेशाचा विधी, नाहीच. आधी शिकवण, मग मुलाखत, त्यात चहा-तंबाखू सुटला का हेही विचारतात. बाप्तिस्मा पूर्ण बुडवून होतो, पाणी तेवढं हवं. दोन साक्षीदार बाजूला उभे राहून पाहतात. पायाचा अंगठा वर राहिला, केसांची बट किंवा कपड्याचं टोक तरंगलं, की पुन्हा करायचं. म्हणून लांब केस घट्ट बांधलेले बरे, आणि फुगणारा सैल झगा टाळलेला बरा. नाव आहे तेच राहतं.

बहुपत्नीत्व? होतं. 'आमच्यात कधीच नव्हतं' असं कुणी सांगू नये, ते खोटं आहे. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी १८९० मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली, १९०४ मध्ये नियम आणखी कडक झाला, आणि आज दुसरी बायको केली तर सभासदत्व जातं. बातम्यांत दिसतात ते फुटून निघालेले वेगळे गट. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, १९७८ पर्यंत नव्हतं, हेही खरंच. गैरसमज वेगळा आणि अवघड इतिहास वेगळा.

'तुम्ही ख्रिस्ती का?' याला सरळ उत्तर आहे, तेही दोन्ही बाजूंनी. आम्ही येशूला तारणारा मानतो, म्हणून स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे बाकीच्या चर्चप्रमाणे एकच देव न मानता तीन वेगळे आहेत असं मानतो, आणि बायबलबरोबर मॉर्मनचा ग्रंथही धर्मग्रंथ धरतो. कॅथलिक चर्चने २००१ मध्ये आमचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं जाहीर केलं. त्यात त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, उगाच हुज्जत घालू नये. 'मॉर्मन' हे टोपणनाव; पूर्ण नावच वापरा असा आग्रह चर्चने २०१८ मध्ये धरला. इंग्रजी नाव लांबलचक आहे, बोलताना कुणी घेत नाही, पण लिहिताना घ्यावं.

मेलेल्यांना बाटवतात म्हणे! ऐकायला भयानक, करायला साधं. मंदिरात जिवंत माणूस पूर्वजाच्या नावाने बाप्तिस्मा घेतो. प्रेताचा, अस्थींचा काही संबंध नाही. स्वीकारायचं की नाही हे त्या आत्म्यावर सोडलेलं असतं, आणि त्याचं नाव सभासदांच्या यादीत चढत नाही. आपल्याकडे लोक लगेच पिंडदान म्हणतात. पितरांची आठवण हा धागा जुळतो, पुढचा विधी जुळत नाही. नावं आपल्याच घराण्यातली द्यायची, आणि जन्माला ११० वर्षं झाली नसतील तर जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी घ्यायची. मंदिर म्हणजे रविवारची उपासना जिथे होते ती जागा नव्हे. भारतातलं पहिलं मंदिर बंगळूरला, २०१८ मध्ये जाहीर झालेलं.

रविवारच्या सभेला मात्र कुणीही यावं. दोन तास लागतात, पहिला तास प्रार्थना आणि भाषणं, मग वर्ग. येशूच्या आठवणीसाठी ब्रेडचे तुकडे आणि पाण्याचे चिमुकले कप असलेलं तबक रांगेतून फिरतं, द्राक्षारस नसतो. पाहुण्याने घ्यायचं नसेल तर तबक शेजाऱ्याकडे सरकवावं, कुणी वळून बघत नाही. अर्पणाची थैली सभेत फिरत नाही, त्यामुळे खिशात हात घालायची गरज पडत नाही.