पाणी कधी चढलं?

आज सातवीला मेणबत्तीचा प्रयोग दाखवला. ताटलीत कुंकू कालवलेलं पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं. "का चढलं?" म्हटल्यावर सगळा वर्ग ओरडला, "ऑक्सिजन संपला, बाई!" मी फळ्यावर 'हवेत ऑक्सिजन एक पंचमांश' लिहिलं.

तिसऱ्या बाकावरची उभी राहिली. "बाई, ज्योत जळत होती तोवर पाणी हललंच नाही. विझल्यावर चढलं."

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी म्हणाले, "परीक्षेत ऑक्सिजनच लिही." ती खाली बसली आणि निरीक्षणाच्या रकान्यातलं आपलं वाक्य खोडरबरने खोडायला लागली.

अनुमान खोडलं असतं तर एक वेळ समजले असते. तिने निरीक्षण खोडलं. डोळ्यांनी पाहिलेलं.

संध्याकाळी ओट्यावर प्रयोग पुन्हा केला. पेला टेकवताना कडेने बुडबुडे निघाले. ज्योतीने हवा तापून फुगते आणि थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर. पेला तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच. आणि ज्योत विझते तेव्हा त्यातला बराचसा शिल्लकच असतो. तापलेली हवा प्रसरण पावते हे गेल्याच महिन्यात याच वर्गाला बाटलीच्या तोंडाला फुगा लावून शिकवलं होतं मी.

बेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, वर त्या ऑनलाइन माहित्या आणि निवडणुकीचं काम. कुणी कधी विचारलंय, बाई, प्रयोग नीट करायला वेळ मिळतो का? आई असती तर तिच्यापाशी तरी बोलले असते. जाऊ दे.

पण पाच मिनिटं होती. एवढ्यात दुसरी मेणबत्ती लावून झाली असती. दर 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण माझंच असतं. मुलांनो, प्रश्न विचारा.

ते खोडणं कानातून जात नाही.

एक पंचमांश दाखवायचाच तर लोहकीस बरा. ओल्या परीक्षानळीत आतून चिकटवायचा, नळी पाण्यात उपडी ठेवायची. गंज चढायला दोन-चार दिवस लागतात, तिथे ऑक्सिजन खरोखर लोखंडात जातो आणि पाणी साधारण तेवढंच चढून थांबतं. उद्याच खिडकीत लावते. पोर्शन मागे पडेल, पडू दे. इतकी वर्षं वेळेत संपवलाच की.

तीन मेणबत्त्या पिशवीत टाकल्या आहेत. आधी तिलाच विचारेन, काय पाहिलं होतंस? मग ते वाक्य पुन्हा लिहायला सांगेन, त्याच जागी. घासून घासून कागद तिथे विरला असेल, शाई फुटेल. पेन्सिलने लिही म्हणेन.