बोत्ताचोनेच्या घळीतला काळा पट्टा

इटलीतल्या गुब्बिओ गावापर्यंत रेल्वे जात नाही, फोस्सातो दि विकोला उतरून बस धरावी लागते. त्याआधीचे पेरुजातले दोन दिवस पावसातच गेले.

गुब्बिओजवळच्या बोत्ताचोनेच्या घळीत लोक येतात ते डायनोसॉरांच्या अंताचा थर पाहायला. उल्कांमध्ये भरपूर असणारा इरिडियम हा धातू इथल्या मातीत सापडला आणि 1980 साली उल्कापाताची कल्पना मांडली गेली. त्या थरापाशी फोटोसाठी गर्दी होती. मला खरंच राग आला, कारण त्याच घळीतल्या बोनारेल्ली थराकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

पांढऱ्या चुनखडकात जेमतेम मीटरभर जाडीचा काळा पट्टा. बोट लावलं की पापुद्रे सुटतात, जुन्या वहीची जळकी पानं असावीत तसे. वय सुमारे 9.4 कोटी वर्षं. तेव्हा इथे टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राचा तळ होता. प्रचंड ज्वालामुखींनी हवेत कार्बन डायऑक्साइड ओतला, पाणी तापलं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. वर शैवाल माजलं, मरून तळाशी गेलं, कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपला. जे कुजलं नाही ते या चिखलात राहिलं.

पण नुसत्या वायूने हे झालं नसतं, असं मला तिथे उभं राहून पटलं. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका तेव्हा नुकत्याच विलग होत होत्या. अटलांटिक अरुंद, कोंडलेला, खोल पाणी खेळायला वाट नाही. असा काळा चिखल तिथेही साचला. उलट, सगळं श्रेय खंडांच्या जागेला देणारेही मला पटत नाहीत. अंटार्क्टिका तेव्हाही दक्षिण ध्रुवाजवळच होती, तरी साधारण त्याच सुमारास तिच्या किनाऱ्यावर जंगल होतं. 2017 साली अमुंडसेन समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळात त्याची मुळं मिळाली. त्या जंगलाच्या अभ्यासकांच्या हिशेबाने तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत 1,100 हून जास्त असायला हवा. आज तो 420 च्या वर आहे आणि औद्योगिक क्रांतीपूर्वी 280 होता. तिथे उभं असताना हेच आकडे डोक्यात घोळत होते.

काळ्या पट्ट्यानंतर दगड पुन्हा पांढरा होतो, मग हळूहळू गुलाबी, लाल. तळाशी ऑक्सिजन परतल्याची ती खूण. जाल तर तो बदल नीट बघा. मी काळ्यापाशीच दोन तास बसले आणि शेवटच्या बससाठी धावताना लाल दगड फक्त ओझरता दिसला. त्याची हळहळ अजून वाटते.