स्टिरिओसाठी स्वतःचं सेन्सर मॉडेल लावताना: 18 सेकंदांचा माझा अनुभव

उपग्रहाच्या प्रतिमा विकणाऱ्यांनी एक ओळ जास्त लिहिली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. ‘वेळ जीपीएस पद्धतीची आहे’, एवढीच ती ओळ.

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यापासून किनाऱ्यापर्यंतची स्टिरिओ जोडी (एकाच भागाच्या दोन कोनांतून घेतलेल्या प्रतिमा) होती, एकाच फेरीत पुढून आणि मागून टिपलेली. अशा जोडीवरून जमिनीची उंची काढणाऱ्या नासाच्या एम्स स्टिरिओ पाइपलाइन या सॉफ्टवेअरमध्ये ती चालवायची होती. सोबत विक्रेत्याने दिलेलं तयार कॅमेरा मॉडेल, म्हणजे आरपीसी होती आणि तिच्यावर काम भागलंही असतं. पण आरपीसी म्हणजे मूळ कॅमेऱ्याच्या मॉडेलला जुळवलेली बहुपदींची गुणोत्तरं: 80 सहगुणक आणि 10 ऑफसेट-स्केल. उडताना उपग्रह थरथरला असेल तर ती थरथर तिच्यात नीट उतरत नाही, मग डेमवर (उंचीच्या नकाशावर) आडवे पट्टे येतात आणि ते काढायला हाती काही उरत नाही. खरं लाइनस्कॅन (ओळीओळीने टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं) मॉडेल सीएसएम या सेन्सर मॉडेलच्या प्रमाण पद्धतीने जेसन (JSON) फाइलमध्ये लिहिलं, की पुढे थरथर दुरुस्त करणारं ‘जिटर सॉल्व्ह’ चालवता येतं. मेहनत घ्यायची ती यासाठी.

फाइल लिहिणं अवघड नाही. ओळी आणि स्तंभ, फोकल लांबी, डिटेक्टरचा मध्य, प्रत्येक ओळीचा काळ, उपग्रहाची स्थिती व वेग आणि दिशेचे क्वाटर्निअन (दिशा सांगणारे चार आकडे). स्थिती पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या अक्षांत हवी, ताऱ्यांच्या स्थिर अक्षांत नको. क्वाटर्निअनचा अदिश आकडा काही ठिकाणी आधी लिहितात, काही ठिकाणी शेवटी. तो उलटसुलट झाला की कॅमेरा भलतीकडेच बघतो, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते.

लगेच पकडता येत नाही ती वेळेची चूक. प्रत्येक ओळीचा काळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होता. स्थिती आणि दिशेचे तक्ते जीपीएस वेळेत होते, आणि हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. 1 जानेवारी 2017 पासून जीपीएस वेळ यूटीसीच्या 18 सेकंद पुढे आहे. उपग्रहाखालचा जमिनीवरचा बिंदू सेकंदाला जवळपास 7 किलोमीटर सरकतो, म्हणजे फरक सव्वाशे किलोमीटरच्या घरात. फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे होती, त्यामुळे प्रत्येक ओळीला 18 सेकंद आधीची जागा मिळत होती. डिचोलीच्या खाणी कोल्हापूरच्या आसपास पडल्या.

यातली खरी फसगत अशी, की दोन्ही प्रतिमांत चूक सारखीच असल्यामुळे दोन कॅमेऱ्यांचे किरण एकमेकांना व्यवस्थित छेदतात. ट्रँग्युलेशनची, म्हणजे या छेदाची त्रुटी लहान दिसते, डेम सुबक दिसतो, खाणीचे खड्डे आणि पायऱ्या (बेंच) सगळं जागच्या जागी. फक्त डेमच भलत्या जागी. म्हणून छेदाच्या त्रुटीवर विसंबून पुढे जाऊ नका. आधी एकेक कॅमेरा तपासा, जोडी नंतर.

तपासणी दोन प्रकारे करा. पहिली ‘कॅम टेस्ट’ने, हे दोन कॅमेरा मॉडेलची तुलना करणारं साधन: तीच प्रतिमा, एका बाजूला तुमची जेसन, दुसऱ्या बाजूला कंपनीची आरपीसी, सॅम्पल रेट 1000 ठेवला तरी चालतो. कॅमेऱ्याच्या दिशेतला फरक सोडून द्या, आरपीसीला कॅमेऱ्याचं केंद्रच नसतं. पिक्सेलचा फरक बघा. तो हजारोंत असेल तर वेळ किंवा अक्ष चुकलेत. दोन्ही दिशांना नेमका अर्धा असेल तर पिक्सेलची मोजणी कुठून सुरू होते त्याचा घोळ आहे: सीएसएममध्ये पहिल्या पिक्सेलचा मध्य 0.5, 0.5 असतो.

दुसरी तपासणी जमिनीवरच्या बिंदूंची. तीन बिंदू घ्या, एका रेषेत नसलेले. आग्वादचं टोक, मांडवी पुलाचा पणजीकडचा शेवट, मुरगाव बंदराच्या बांधाचं टोक. हे तिन्ही बिंदू प्रतिमेत स्पष्ट दिसतात. त्यांची स्थाने मॉडेलमधून पिक्सेलमध्ये आणा. तिन्ही एकाच बाजूला सारखेच सरकले तर वेळ चुकली आहे, त्रिकोण आरशातल्यासारखा उलटला तर अक्षाची दिशा.

विक्रेत्यांच्या मदत कक्षाचं उत्तर दर वेळी एकच: ‘सोबत दिलेली आरपीसी वापरा.’ प्रश्न तो नव्हताच. त्यांना लिहाल तर ‘मॉडेल चालत नाही’ असं मोघम लिहू नका. सरळ तीन गोष्टी विचारा: ओळींची वेळ कोणत्या पद्धतीत, स्थिती-दिशेची वेळ कोणत्या पद्धतीत, आणि कॅमेऱ्याचा कोणता अक्ष उडण्याच्या दिशेला. अशा पत्राला सारवासारवीचं उत्तर देणं कठीण जातं. 18 सेकंद वजा केल्यावर पिक्सेलचा फरक एकाच्या आत आला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक राहिलं. जेसनमध्ये तक्त्याला फक्त सुरुवातीची वेळ आणि अंतर दिलेलं असतं, म्हणजे नोंदी समान अंतराने असल्याच पाहिजेत. मूळ तक्त्यातली एक सेकंदाची एकच नोंद गळाली असेल, तर तिच्यापुढची प्रत्येक ओळ 7 किलोमीटर सरकते आणि अर्धी प्रतिमा बरोबर, अर्धी चूक दिसते. आधी समान अंतराने इंटरपोलेट करून, म्हणजे मधल्या किमती काढून घ्या. प्रतिमेच्या आधी व नंतर चार-चार नोंदी जास्तीच्या ठेवा, कारण टोकांना इंटरपोलेशन बिघडतं.

पुढचं सरळ आहे: बंडल अॅडजस्ट (कॅमेरे एकमेकांशी जुळवणं), मग पॅरलल स्टिरिओ (प्रतिमा जुळवून बिंदू काढणं), मग पॉइंट टू डेम (बिंदूंचा डेम करणं), नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम 43 उत्तर. बंडल अॅडजस्ट मात्र तपासणीच्या आधी चालवू नका. वेळेची लहान चूक ते कॅमेऱ्याच्या दिशेत मुरवून टाकतं आणि मग ती शोधणं फार कठीण होतं.

घाटाच्या उतारांसाठी प्रतिमा आधी कोपर्निकस 30 मीटर या तयार डेमवर मॅपप्रोजेक्ट करा, म्हणजे पसरून बसवा. त्या डेमची उंची ईजीएम 2008 जिऑइडवर (साधारण समुद्रसपाटीवर) असते, ‘डेम जिऑइड’ हे साधन उलट दिशेने चालवून ती इलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गणिती लंबगोलावर) आणा. गोव्यात जिऑइड इलिप्सॉइडच्या 50 मीटरपेक्षा जास्त खाली आहे, त्यामुळे रूपांतरित डेमवर किनाऱ्याची उंची उणे दिसली तर घाबरू नका, ती तशीच यायला हवी. शून्याजवळ आली, तर हे रूपांतर राहून गेलं आहे.