चौथी ते आठवी, शाळेविना: पेनसिल्व्हेनियातलं होमस्कूलिंग

अमेरिकेत मुलाला शाळेत न घालता घरी शिकवता येतं आणि ते कायदेशीर आहे, हे आता भारतातही पुष्कळांना ठाऊक आहे. मात्र त्याचे नियम देशाचे नसतात, ज्या त्या राज्याचे असतात, आणि एक नदी ओलांडली की पार बदलतात. डेलावेअर नदीच्या पूर्वेला न्यू जर्सी. तिथे शाळेच्या तोडीचं शिक्षण अन्यत्र द्यावं एवढीच कायद्याची अट. कुणाला कळवण्याचं बंधन नाही, परीक्षा नाही, वह्या दाखवायच्या नाहीत. पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया. तिथे ॲफिडेव्हिट, नोंदवही, ठरावीक इयत्तांना परीक्षा आणि वर्षाअखेर मूल्यमापन. न्यू यॉर्कमध्ये त्यावर तिमाही अहवालही द्यावे लागतात. तिन्हीकडे मराठी कुटुंबं भरपूर, त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्राचा सल्ला पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाजवळ राहणारे लोक तसाच्या तसा उचलतात आणि ऑक्टोबरात स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेचं, जाब विचारणारं पत्र येतं.

इथे पेनसिल्व्हेनियाबद्दलच लिहितो, आणि त्यातही चौथी ते आठवीबद्दल. पहिली-दुसरीत वाचन आणि बेरीज-वजाबाकी जमली की घरचे निश्चिंत असतात. नववीनंतर क्रेडिट, ट्रान्स्क्रिप्ट, कॉलेज यांची धास्तीच सगळ्यांना जागं ठेवते. मधली पाच वर्षं मात्र शांत जातात. कागद वेळेवर जमा होतात, मूल पुस्तकं संपवत असतं, आणि गणितात व लेखनात पडलेली भगदाडं कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण तपासणारं माणूस घरातलंच असतं.

आधी कागद उरकून घेऊ. पहिल्या वर्षी घरचं शिक्षण सुरू करण्यापूर्वी आणि पुढे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत आपल्या डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटकडे (प्रमुख अधिकाऱ्याकडे) ॲफिडेव्हिट द्यायचं. शिकवणाऱ्या पालकाकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र असावं लागतं. सोबत लसीकरणाचे व आरोग्याचे दाखले आणि विषयवार उद्दिष्टांची रूपरेषा जोडायची. या रूपरेषेत लोक वीस-वीस पानं लिहितात. गरज नाही. कायद्यातच म्हटलंय की ही रूपरेषा वापरून सुपरिंटेंडंटने तुमचं शिक्षण नियमबाह्य ठरवायचं नाही. प्रत्येक विषयाला तीन-चार ओळी पुरतात. मूल वर्षाच्या मध्येच शाळेतून काढायचं असेल तर क्रम चुकवू नका: आधी ॲफिडेव्हिट, मग शाळेला पत्र. उलट केलं तर मधले दिवस विनापरवानगी गैरहजेरीत जमा होतात.

वर्षाला १८० दिवस, किंवा सहावीपर्यंत ९०० तास आणि सातवीपासून ९९० तास. दोन्ही मोजायची गरज नाही. दिवस मोजा, कॅलेंडरवर खूण केली की झालं. तासांच्या मागे लागलेली कुटुंबं फेब्रुवारीपर्यंत थकतात.

पोर्टफोलिओत, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या फाइलमध्ये, तीन गोष्टी लागतात: लॉग (नोंदवही), कामाचे नमुने, आणि तिसरी, पाचवी व आठवीत प्रमाणित चाचणीचे गुण. लॉग त्या त्या वेळी लिहिलेला हवा आणि त्यात वापरलेल्या पुस्तकांची नावं हवीत. मे महिन्यात बसून सगळं वर्ष आठवणीने भरलेला लॉग सरळ ओळखू येतो, सगळी नोंद एकाच शाईत आणि एकाच लयीत असते. नमुन्यांसाठी प्रत्येक विषयाचे सप्टेंबर, जानेवारी आणि मे असे तीन-तीन कागद तारखेसह ठेवा. मूल्यमापन करणारा इव्हॅल्युएटर मुलाची मुलाखत घेतो, पोर्टफोलिओ पाहतो आणि प्रगती सातत्याने होत आहे की नाही ते ठरवतो. म्हणजे एकाच महिन्यातले पन्नास उत्तम कागद त्याच्या फारसे कामाचे नाहीत. २०१४च्या दुरुस्तीनंतर पोर्टफोलिओ डिस्ट्रिक्टकडे द्यावा लागत नाही, इव्हॅल्युएटरचं प्रमाणपत्र तेवढं ३० जूनपर्यंत पोचलं पाहिजे. सातवीत गेल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते. इव्हॅल्युएटर सर्टिफाइड शिक्षक असेल तर त्याला माध्यमिक इयत्तांचा अनुभव लागतो, त्यामुळे प्राथमिकच्या बाईंना गृहीत धरू नका, आधी विचारा.

चाचणी पालकांनी स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. उत्तीर्ण होण्याची कुठलीही रेषा कायद्यात नाही. म्हणूनच तिचा उपयोग करून घ्यावा. पाचवीच्या निकालात अपूर्णांकांचा विभाग कमी दिसला तर तो दडवून ठेवण्यात काय अर्थ? बाहेरच्या माणसाने घेतलेली, गुणांत मोजलेली ती एकमेव तपासणी आहे.

आता खरं काम. गणिताचं पुस्तक वयावरून निवडू नका. बहुतेक प्रकाशक प्लेसमेंट टेस्ट फुकट देतात, ती कागदावर, शेजारी न बसता सोडवू द्या. भारतात शिकलेल्या पालकांचा कल मुलाला एक इयत्ता पुढचं पुस्तक देण्याकडे असतो, आणि पाढे पाठ असल्यामुळे चौथीत ते चालूनही जातं. पाचवीत अपूर्णांक आले की गाडी अडते. सॅक्सनसारख्या पद्धतीत रोजच्या धड्यात नवा भाग थोडा आणि जुन्याची मिश्र उजळणी जास्त असते. तिथे 'एक सोडून एक गणित' केलं की उजळणीच निम्मी होते आणि दोन महिन्यांनी मूल भागाकार विसरलेलं असतं. सिंगापूर पद्धतीत उलट आहे: एक प्रकरण खोलवर, पट्ट्यांच्या आकृत्यांनी. तिथे प्रकरण संपल्यावर जुन्याची उजळणी आपणच घालावी लागते. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. दर सहा महिन्यांनी एकीवरून दुसरीवर उड्या मारणं तेवढं वाईट, कारण दोघींचा क्रम वेगळा असल्याने मधले भाग कायमचे सुटतात.

अपूर्णांकांसाठी बारा इंच लांबीची कागदी पट्टी आणि फूटपट्टी एवढं साहित्य पुरे. इथली फूटपट्टी इंचांचीच, आणि बाराला दोन, तीन, चार, सहा अशा सगळ्यांनी भाग जातो. मूल १/२ + १/३ = २/५ लिहितं. लगेच छेद समान करायला सांगू नका. पट्टी पुढे ठेवा. अर्धी म्हणजे ६ इंच, तृतीयांश म्हणजे ४ इंच, दोन्ही जोडले की १० इंच, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. मग विचारा: २/५ तर अर्ध्याहूनही कमी, अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागली की अर्धं काम झालं. भागाकारही याच पट्टीवर होतो: ३/४ ÷ १/८. पाऊण पट्टी ९ इंच, अष्टमांश दीड इंच, नवात दीड किती वेळा? सहा वेळा. 'उलटा करून गुणा' हा नियम याच्यानंतर सांगावा. आधी सांगितला तर मूल गुणाकारातही उलटा करतं.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अजून पाठ असणारे आजोबा किंवा पणजी कुणाच्या घरी असतील तर व्हिडिओ कॉलवर आठवड्यातून दहा मिनिटं त्यांच्याकडून म्हणवून घ्या. सव्वा, दीड, पाऊण या राशी कानात बसलेल्या मुलाला ३/४ दिसल्यावर भीती वाटत नाही.

तपासणी त्याच दिवशी करायची. शनिवारी आठवडाभराच्या वह्या तपासल्या तर चुकीची रीत पाच दिवस घोटली जाते. चुकांची वेगळी वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे मुलानेच लिहावं: उतरवताना चुकलं, क्रिया चुकली, की कळलंच नव्हतं. तिसऱ्या प्रकारच्या चुकांसाठीच पुन्हा शिकवायचं असतं. शुक्रवारी मागच्या तीन महिन्यांतली दहा मिश्र गणितं, मदतीशिवाय. सलग दोन शुक्रवार आठपेक्षा कमी बरोबर आली तर नवं प्रकरण थांबवा, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

आठवीत अल्जिब्रा झालाच पाहिजे, ही चढाओढ आपल्या लोकांत फार आहे. कायद्याने बीजगणित सातवी ते बारावीच्या टप्प्यातला विषय आहे, आठवीची सक्ती नाही. x/३ + x/४ = १४ हे गणित घ्या. ७x/१२ = १४, म्हणून x = २४. अडलेलं मूल बहुतेक वेळा x ला अडत नाही, त्या १२ ला अडतं. अशा मुलाला अल्जिब्राचं पुस्तक देऊन सहा महिने झगडण्यापेक्षा अपूर्णांक, गुणोत्तर आणि ऋण संख्या पक्क्या करणं कितीतरी पटीने शहाणपणाचं.

लेखनात वेगळी पंचाईत असते. घरी सगळं तोंडी बोलून होतं, मूल छान बोलतं, त्यामुळे लिहीत नाही हे ध्यानात यायला सहावी उजाडते. चौथी-पाचवीत आठवड्याला एक परिच्छेद, पण चार दिवसांत: पहिल्या दिवशी तोंडी सांगणं आणि मुद्द्यांचे शब्द, दुसऱ्या दिवशी कच्चं, तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचून दुरुस्ती, चौथ्या दिवशी पक्कं. लाल पेनाने सगळ्या चुका एकदम दाखवू नका. एका आठवड्यात एकच प्रकार घ्या, उदाहरणार्थ वाक्य कुठे संपतं ते. सातवीपासून दोन पुस्तकांवरून लिहायला लावा. नक्कल टाळण्याची खात्रीची रीत अशी: परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, पाच शब्द टिपायचे, आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या टिपणावरून लिहायचं. मधली रात्र महत्त्वाची आहे, लगेच लिहिलं की पुस्तकातलीच वाक्यं उतरतात.

विज्ञानाला महागडी किट लागत नाहीत. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा डिजिटल काटा, १०० मिलिलिटरचं मोजपात्र आणि खाद्यतेल घ्या. रिकामं पात्र काट्यावर ठेवून काटा शून्य करा, मग दहा-दहा मिलिलिटर तेल ओतत प्रत्येक वेळी वजन लिहा आणि आलेख काढा. रेषेचा उतार ०.९२च्या आसपास येतो, पाण्याचा १च्या जवळ. म्हणूनच तेल वर तरंगतं. काटा शून्य करायला विसरलं तरी रेषा सरळच येते, फक्त शून्यातून जात नाही. हे मुलाला स्वतःला सापडू द्या. तसंच, पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वक्राच्या तळाशी वाचायची, वरून पाहिलं की आकडा चुकतो.

बाकीच्या यादीत पेनसिल्व्हेनियाचा इतिहास आणि आगीपासून सुरक्षितता हे दोन विषय विसरले जातात. अग्निसुरक्षेची लॉगमध्ये वर्षभर अधूनमधून नोंद हवी, एका दिवसात उरकलेली नको. इतिहासासाठी व्हॅली फोर्ज, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या वॉशिंग्टनच्या छावणीची जागा, फिलाडेल्फियाहून जवळ आहे आणि प्रवेश फुकट आहे. डिस्ट्रिक्टकडे मागितली तर त्यांची पाठ्यपुस्तकंही वापरायला मिळतात, तशी तरतूद आहे. २०२३-२४ पासून होमस्कूलर मुलांना दिवसाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत शाळेत जाऊन विषय घेता येतात. बँड किंवा प्रयोगशाळेसाठी याचा उपयोग करावाच. सायबर चार्टर शाळा मात्र होमस्कूलिंग नव्हे. घरी बसून शिकत असलं तरी ते मूल सरकारी शाळेचंच विद्यार्थी असतं, आणि यातलं काहीच लागू होत नाही.

नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावरच्या आयांसाठी एक सूचना. स्वतःच्या मुलाला शिकवणं ही नोकरी नव्हे. पण को-ऑपमध्ये, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी मिळून चालवलेल्या वर्गात, दुसऱ्यांच्या मुलांना पैसे घेऊन गणित शिकवायचं तर कामाचा परवाना लागतो, रक्कम कितीही लहान असो.

भारतात परत यायचा विचार असेल तर आठवीच्या आत यावं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. नववीत सीबीएसईची नोंदणी सुरू होते आणि तिथे मागच्या शाळेचा दाखला मागतात, जो आपल्याकडे नसतो. मग एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) हा मार्ग उरतो, दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. ॲफिडेव्हिटच्या प्रती, इव्हॅल्युएटरची प्रमाणपत्रं, चाचण्यांचे निकाल आणि पुस्तकांची वर्षवार यादी एका फाइलमध्ये ठेवा, मूळ प्रती सामानात न टाकता हातातल्या बॅगेत.

आणि महाराष्ट्रात यायचं असेल तर मराठी. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, बोर्ड कुठलंही असो, मराठी शिकावीच लागते. सातवीतल्या मुलाला सातवीचं बालभारती देऊ नका, तिसरीचं द्या. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज वीस मिनिटं: दहा वाचन, पाच श्रुतलेखन, पाच मिनिटं कालच्या चुका. जोडाक्षरं सुटी पडली नाहीत तर वर्षभरात चौथीचं इतिहासाचं पुस्तक 'शिवछत्रपती' मूल आपलं आपण वाचू लागतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, आधी वाचनाचा वेग येऊ द्या.