आठवरून नऊवर जाता येत नाही

पांडवलेण्यांत मी शाळेपासून जातोय. २४ लेणी, सातवाहनांचे शिलालेख, वरून दिसणारं नाशिक, सगळं पाठ. कातळात कोरलेले खेळांचे पट मात्र दिसले ते आईमुळे. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ती ओसरीत टेकली, बोटाने धूळ झटकली आणि म्हणाली, "आम्ही नवकंकरी खेळायचो, चिंचोके आणि खडे घेऊन."

घरी आल्यावर तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट आखला. एकात एक तीन चौकोन आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. घरं २४ (लेणीही २४, निव्वळ योगायोग). दोघांना नऊ-नऊ सोंगट्या. आधी आळीपाळीने सगळ्या मांडायच्या, मग शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायच्या. तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या, तो हरला. त्या संध्याकाळी मी सात डाव हरलो.

दुसऱ्याच दिवशी मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि ओळखीच्या ६० जणांना न विचारता आत ओढलं. तीन दिवसांत सुप्रभातची फुलं आली, गंगापूर रोडच्या फ्लॅटची जाहिरात आली आणि मग माणसं पटापट बाहेर पडली. उरले ११, त्यातले चार घरचेच. मी रोज खेळाच्या इतिहासावर काहीतरी टाकायचो. अंगठे यायचे, खेळायला कुणी यायचं नाही.

गाडी हलली ती आकड्यांमुळे. एका भाच्याने सुचवलं, मामा, घरांना नंबर द्या. बाहेरचा चौकोन १ ते ८, मधला ९ ते १६, आतला १७ ते २४. सुरुवात वरच्या डाव्या कोपऱ्यातून, घड्याळाच्या दिशेने. आता "१२ वरून २०" एवढं लिहिलं की चाल झाली. शिवाय विषम आकडे म्हणजे कोपरे, सम म्हणजे बाजूंचे मध्य, आणि आडव्या-उभ्या जोडरेघेवर आठ-आठचा फरक: २, १०, १८. नवा माणूस हमखास "८ वरून ९" लिहितो. आकडे शेजारी, पण घरं नाहीत! एक चौकोनाच्या बाजूवर, दुसरं भलत्याच चौकोनाच्या कोपऱ्यात. त्यावर सगळा ग्रुप हसतो आणि तो माणूस ग्रुपचा होतो.

डाव चार-पाच दिवस चालायला लागले. डाव अर्धा असताना कोण ग्रुप सोडणार? सिन्नरच्या एक काकू भाकरी थापताथापता व्हॉइस नोट पाठवतात. आधी थापटण्याचा आवाज, मग "सोळा". त्या पहिल्याच चालींत १०, १२, १४, १६ यांतलं मिळेल ते घर धरतात, कारण मधल्या चौकोनाच्या या चार घरांतूनच चारही बाजूंना वाट आहे. आम्ही मात्र कोपऱ्यात ओळ जुळवायच्या नादात अडकून बसायचो.

मग भांडण लागलं. तीनच सोंगट्या उरल्या की कुठल्याही रिकाम्या घरात उडी मारता येते का? माझ्या आईच्या मते येते. काकू म्हणाल्या, "आमच्यात असली लाडकोड नव्हती." मी अ‍ॅडमिन म्हणून एकच नियम ठरवायला गेलो आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी डावाच्या आधी 'उडी' किंवा 'बिनउडी' लिहायचं ठरलं. खरं सांगतो, माझ्या इतिहासाच्या पोस्टींनी जेवढी माणसं आणली नाहीत, तेवढी या भांडणाने आणली. प्रत्येकाला आपल्या आजीचा नियम सांगायचा होता.

एका इंजिनिअर मेंबरने मध्येच बॉम्ब टाकला. राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये कॉम्प्युटरवर सिद्ध केलंय, दोघेही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. मग खेळायचं कशाला? नाशिकरोडच्या एका निवृत्त काकांनी उत्तर दिलं, "मी बिनचूक खेळेन अशी भीती तुम्हाला का वाटते?"

आता दर महिन्याच्या एका रविवारी मिसळ झाली की गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जमतो. फरशीवर खडूने पट आखतो. लेण्यांतल्या पटांवर खेळू या, असा आग्रह दर वेळी कुणीतरी धरतो आणि मी दर वेळी नाही म्हणतो. तो कातळ आपल्या सोंगट्या घासायला नाही. मागच्या खेपेला काकू पहिल्यांदाच आल्या. आईशी समोरासमोर बसल्या, आणि खडे मांडायच्या आधी पाऊण तास दोघी उडीवरच बोलत होत्या. डाव झालाच नाही.