गोबरगॅस: शेण घालणं सोपं, गॅस राखणं अवघड

मोकळ्या, कोरड्या उकिरड्यात हवा खेळते, म्हणून तिथल्या शेणातून मिथेन (गोबरगॅसमधला जळणारा वायू) फारसा निघत नाही. गोबरगॅसच्या टाकीत आपण मुद्दाम हवा तोडतो आणि मिथेन तयार करतो. जाळला तर उत्तम. गळला, तर नसलेलं संकट आपणच पैदा केलं. शंभर वर्षांच्या मापाने एक किलो मिथेन सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं पृथ्वीला तापवतो.

हिशेब मांडू. दिवसाला 2 घनमीटर गॅस देणाऱ्या दीनबंधू संयंत्राला (पक्क्या घुमटाची गोबरगॅस टाकी) रोज 50 किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. गॅस पुरता मिळाला तर दिवसाला साधारण 850 ग्रॅम एलपीजी वाचतो, म्हणजे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. पण त्या गॅसमध्ये पाऊण किलोच्या आसपास मिथेन असतो. त्याचा आठवा हिस्सा निसटला की ही बचत खल्लास! (चुलीचं लाकूड वाचत असेल तर गणित वेगळं.)

गळती शोधायला साबणाचा फेस पुरतो. काडी ओढून बघू नका. आधी घुमटावरचा मुख्य कॉक, मग पाइपाचे सांधे, मग शेगडीची नळी. पाइपाला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. पाणी साचलं की ज्योत लपलपते, आणि लोक उगाच शेणाला दोष देतात.

गळती नसतानाही गॅस जातो, आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गॅस वापरला नाही तर घुमटातला दाब स्लरीला (टाकीतल्या शेण-पाण्याच्या काल्याला) खाली रेटतो, शेवटी बुडबुडे कुंडीतून बाहेर पडतात. उन्हाळ्यात हे हमखास होतं, कारण उष्णतेने गॅस वाढतो. अशा वेळी शेण कमी घाला. गावाला जायचं असेल तर आठवडाभर आधीच हात आखडा. थंडीत उलट: काला उन्हात तापलेल्या पाण्याने करा. टाकीत फिनेल नको, प्रतिजैविकं दिलेल्या जनावराचं शेणही नको; गॅस करणारे जिवाणू मरतात. नव्या टाकीला चालू संयंत्रातली स्लरी विरजण म्हणून घातली की गॅस लवकर धरतो.

बाहेर आलेल्या स्लरीतही मिथेन बनणं थांबलेलं नसतं. खोल खड्ड्यात साठवण्यापेक्षा पालापाचोळ्यावर पातळ थरात ओता.