नुसतं मशीन लावतोस ना?

लग्नात, रेणापूर नाक्यावर, कधी पेशंटच्या खाटेशीसुद्धा एकच विचारणा: "डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून डायलिसिस टेक्निशियन झालास का? नुसतं मशीन तर लावायचं." विचारलंतच, तर सांगतो.

मेडिकलला नंबर लागला नाही, हे खरं. 'नुसतं' मात्र मान्य नाही.

२०१६ चा लातूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आमचं सेंटर टँकरवर चालायचं. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आरओतून वाया जाणारं वेगळं. हे पाणी पातळ पडद्याआडून थेट रक्ताला भिडतं. टँकरात ब्लीचिंग पावडर जास्त पडली आणि क्लोरामाईन तयार झालं, तर ते आरओतूनही निसटतं आणि तांबड्या पेशी फोडतं. त्याला अडवतो तो आधीचा कार्बन टँक. म्हणून पहिला पेशंट जोडण्याआधी त्या टँकनंतरचं पाणी तपासायचं. क्लोरीनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम.

एका पहाटे तपासणीत नमुन्याचा रंग चढला, म्हणजे क्लोरीन मर्यादेपेक्षा जास्त. पुन्हा तपासलं, तेच. औशाकडचे एक मामा धापा टाकत आलेले, आडवं होता येत नव्हतं. मी मशीन लावलं नाही. त्यांचा मुलगा अंगावर धावून आला, "डॉक्टर नाही म्हणत नाहीत, तुम्ही कोण नाही म्हणणारे?" मी डॉक्टरांना फोनवर आकडा सांगितला. ते म्हणाले, "मग थांब." मामांना ऑक्सिजन लावून अँब्युलन्सनं दुसऱ्या सेंटरला पाठवलं. जाताना मुलगा जे बोलला ते इथं लिहीत नाही.

मामा वाचले. पण डायलिसिस लांबल्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढून वाटेतच हृदय थांबलं असतं तर? पाणी खराब होतं, याबद्दल शंका नाही. तरी हा प्रश्न सुटत नाही.

बारावीतला मी अजून वाद घालतो: डॉक्टर असतास तर त्या मुलानं ऐकलं असतं. असेलही. पण डॉक्टर असतो, तर त्या पहाटे पाण्यापाशी मी नसतो.

२०२१ च्या केंद्राच्या कायद्यात आमच्या कामाला आरोग्य व्यवसाय म्हणून जागा मिळाली. माझा पगार अजून कंत्राटदारच ठरवतो, आणि तो विचारलात की मी विषय बदलतो. तेवढं तुमचं खरं. भाची यंदा बारावीला आहे, हाच कोर्स करायचा म्हणते. तिला अजून हो म्हणवलं नाही.